चेस्ट वॉर्डला पहिली पोस्टिंग आहे, श्वासाच्या पेशंटची नर्सिंग करताना नेमकं काय बघायचं?

तुझा प्रश्न वाचला. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहेस, सोमवारपासून चेस्ट वॉर्ड, पुस्तकातलं इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स (श्वासाची वाट मोकळी नसणं) आणि इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज (फुप्फुसातली वायूंची देवाणघेवाण बिघडणं) सगळं पाठ आहे पण पेशंटच्या बेडजवळ उभं राहिल्यावर आधी कशाला हात घालायचा ते सुचत नाही, आणि टीबीचे पेशंटही तिथेच असतात म्हणून घरचे घाबरलेत. मी स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली, त्यातली ९ चेस्ट वॉर्डातच गेली, म्हणून लिहायला बसले. तुला तू म्हणतेय, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान असशील.

एकच गोष्ट आधी सांगते. श्वास मोज. घड्याळ बघून, पूर्ण एक मिनिट.

तुला वाटेल हे काय सांगतेय, हे तर पहिल्या वर्षाला शिकवलं. पण कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडून बघ. टेंपरेचर खरं असतं, पल्स खरी असते, बीपी पण खरं असतं, आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, १८, २०. तीस पेशंट, कोणाला न्यूमोनिया, कोणाच्या छातीत पाणी, आणि सगळ्यांचे श्वास सारखे कसे असतील? कोणी मोजलेलेच नसतात. त्याला मशीन नाही ना, मिनिटभर एका जागी उभं राहावं लागतं आणि आपल्या वॉर्डात तेवढं मिनिट कुणाकडे नसतं. पण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो. बीपी पडतं ते खूप नंतर. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के, तेसुद्धा बराच वेळ टिकतं, कारण शरीर जोर लावून लावून ते टिकवत असतं. म्हणजे आपण ९५ बघून पुढच्या बेडकडे जातो आणि तो माणूस मिनिटाला ३२ श्वास घेऊन ते ९५ सांभाळत बसलेला असतो. असं किती तास सांभाळणार, शेवटी तो दमतो, आणि मग जे होतं ते एकदम होतं.

मोठ्या माणसाचे १२ ते २० धर. २० च्या वर गेले की मी अर्ध्या तासात परत येऊन मोजते, २५ किंवा जास्त आले तर वाट न बघता डॉक्टरांना कळवते. इंग्लंडमध्ये अर्ली वॉर्निंग स्कोअर म्हणून जो चार्ट वापरतात (२०१२ साली आला, २०१७ ला सुधारला) त्यात २५ किंवा जास्त झाले की एकट्या श्वासालाच पूर्ण ३ मार्क आहेत. आणि उलटं पण, ८ किंवा कमी झाले तरी ३ च. मोजताना पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो मुद्दाम वेगळा श्वास घेतो. पल्स बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर-पोटावर. लहान मुलांचे आकडे वेगळे, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, एवढे किंवा जास्त म्हणजे श्वास जलद चालू आहे.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने बाळांच्या न्यूमोनियावर जे काम केलं ते नुसत्या श्वास मोजण्यावर उभं आहे. गावातल्या दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मोठे आकडे मोजता येत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, गावातल्या बाईने श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा आणि औषध सुरू करायचं, आणि मुलांचे मृत्यू कमी झाले, १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं ते. दायांनी गावात मण्यांवर मोजलं, मग आपण शिकलेल्यांनी वॉर्डात रकान्यात २० लिहून मोकळं व्हायचं हे मला सहन होत नाही, खरंच सांगते.

मोजताना बाकीचंही डोळ्यांनी टिपत जा. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होतात का, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, ओठ आणि जीभ निळसर आहे का, पुढे वाकून हात मांडीवर रोवून बसलाय का. माझी एक सवय आहे, मी प्रत्येकाला विचारते, "काका, जेवलात का, काय काय होतं डब्यात?" ज्याला "मुलीने डाळभात आणि मेथीची भाजी आणली होती" असं एका दमात सांगता येतं त्याची मला त्या वेळी काळजी नसते. जो "डाळ..." म्हणून थांबतो, श्वास घेतो, मग "भात" म्हणतो त्याच्याकडे मी परत येते. आणि जो नुसती मान हलवतो त्याच्याजवळून मी हलत नाही.

आता ऑक्सिजन. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला डोस असतो, हे शब्द परीक्षेत सगळ्या लिहितात पण वॉर्डात फ्लोमीटरचा नॉब कुणीही फिरवतं, नातेवाईक फिरवतात, मावशी फिरवतात. बहुतेक पेशंटसाठी सॅच्युरेशन ९४ ते ९८ ठेवायचं, पण सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पेशंटला, ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायची शक्यता आहे त्याला, ८८ ते ९२. वर न्यायचं नाही. हे माझ्या डोक्यात का पक्कं बसलंय ते सांगते.

माझं वॉर्डातलं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी. एक आजोबा होते, चाळीस वर्षं बिडी ओढलेली, सीओपीडी, नाकातल्या नळीवर म्हणजे प्रॉन्ग्जवर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन ८९. मुलगा शेजारी स्टुलावर. त्याला बिचाऱ्याला वाटलं की ८९ म्हणजे कमी, त्याने माझ्या मागे नॉब ८ वर नेला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला नवीन ॲडमिशनमध्ये अडकलेले. अडीचच्या सुमारास फेरी मारत आले तर मुलगा आनंदाने म्हणाला, "सिस्टर बघा, ९९ आलंय, आणि किती छान झोप लागलीय, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता." मी पण खूश झाले. चादर नीट केली आणि पुढच्या बेडला गेले. मशीनवर ९९, पेशंट शांत, कोणाला शंका येईल? पुढच्या बेडला उभी असताना लक्षात आलं की यांचा श्वासाचा आवाजच येत नाहीये जो तीन दिवस सगळ्या वॉर्डात ऐकू येत होता. परत आले, मोजले, नऊ. हाक मारली, खांदा हलवला, डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. हात गरम, घामेजलेले, पल्स हाताला टणटण लागत होती. डॉक्टर धावत आले, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केली, कार्बन डायऑक्साइड साठला होता, ऑक्सिजन खाली आणून बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावलं. सकाळी अकराला आजोबांनी चहा मागितला तेव्हा मी ड्युटी संपूनही घरी गेले नव्हते. त्या चादर नीट करून पुढे गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून सीओपीडीचा पेशंट आला की फ्लोमीटरवर मी चिकटपट्टी लावते आणि पेनाने लिहिते, "८८ ते ९२. २ लिटर. हात लावू नका, सिस्टरला बोलवा." आणि नातेवाइकाला पाच मिनिटं बसवून समजावते की तुमच्या बाबांसाठी ९० म्हणजे चांगलंच आहे, आणि ते फार गुंगीत वाटले, सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, असंबद्ध बोलायला लागले किंवा हात पुढे धरले की पंजा फडफडतोय तर मला लगेच उठवा, मी कामात असले तरी. पुस्तकात याचं कारण हायपॉक्सिक ड्राइव्ह (ऑक्सिजन कमी असतो म्हणूनच शरीर श्वास घेत राहतं) म्हणून दिलेलं असतं, तेवढंच कारण नाहीये, जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसातलं रक्त हवा नीट न जाणाऱ्या भागांकडे वळतं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, हेही एक मोठं कारण. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये ॲम्ब्युलन्समध्ये हे तपासून बघितलं होतं, ४०५ पेशंट, एका गटाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन आणि दुसऱ्या गटाला मोजून मापून ८८ ते ९२. भरपूरवाल्या गटात ९ टक्के दगावले आणि मोजून दिलेल्या गटात ४ टक्के.

पण हे ऐकून उलटी चूक करू नकोस. सीओपीडी आहे म्हणून ७८ वर असलेल्या पेशंटला ऑक्सिजन द्यायला घाबरायचं नाही, ऑक्सिजन कमी पडून माणूस लवकर जातो. आणि जास्त झालाय असं दिसलं तरी एकदम बंद करायचा नाही, हळूहळू खाली आणायचा.

कशातून द्यायचा ते पटकन सांगते. नाकातल्या प्रॉन्ग्ज १ ते ६ लिटर, पण ४ च्या वर नाक सुकतं, पेशंट काढून टाकतो. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच नाही, नाहीतर स्वतःचाच सोडलेला श्वास परत आत घेतो. पिशवीवाला मास्क असेल तर १० ते १५, आणि लावायच्या आधी पिशवी फुगवून घ्यायची, श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. व्हेंच्युरी मास्कला (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा मास्क) रंगीत तुकडे येतात, निळा २४ टक्के, पांढरा २८ टक्के असे, पण रंग पाठ करण्यापेक्षा तुकड्यावर टक्के आणि लिटर छापलेलं असतं ते वाच, कंपनी बदलली की रंगाचा भरवसा नाही. पेशंटला एक्स-रेला न्यायचं असेल तर छोटं बी टाइप सिलिंडर सोबत असतं, भरलेलं असलं तर साधारण १५०० लिटर, म्हणजे ५ लिटरने पाच तास पण १५ लिटरने जेमतेम दीड तास, आणि एक्स-रेच्या लाइनमध्ये किती वेळ जातो ते तू बघशीलच. निघायच्या आधी गेज बघायचा, मामांनी भरलंय म्हणून सांगितलं तरी स्वतः बघायचा.

प्रॉन्ग्जची नळी कानामागे घासते, तिथे दोन दिवसांत लाल होतं, चौथ्या दिवशी जखम. कानामागे गॉजचा तुकडा ठेव. बायपॅपच्या मास्कने नाकाच्या हाडावर तसंच होतं. नाक-ओठ सुकले म्हणून नातेवाईक व्हॅसलीन लावतात, ऑक्सिजन चालू असताना ते लावू द्यायचं नाही, पाण्यावर आधारित जेल मिळतं ते वापरायचं. आणि उदबत्ती. लोक श्रद्धेने आणतात, अंगारा लावायला आणतात, रागावू नकोस, अंगारा कपाळाला लावू दे पण उदबत्ती-काडेपेटी ऑक्सिजनजवळ पेटता कामा नये हे स्पष्ट सांग.

पोझिशनला तर मी अर्धं औषध मानते. दम लागलेल्या माणसाला आडवं करायचं नाही. बॅकरेस्ट वर, पाठीमागे उशी, आणि पुढे कार्डियाक टेबल ठेवून त्यावर उशी, त्या उशीवर हात टेकवून पुढे झुकू दे. कार्डियाक टेबल नसेल तर खुर्ची उलटी करून बसव. पाच मिनिटांत श्वास चार-पाचने कमी झालेले मी कितीतरी वेळा मोजलेत, काहीही औषध न देता. पेशंट गादीवरून खाली घसरतात आणि पोट छातीवर दाबलं जातं, तर दर दोन तासांनी वर ओढून घ्यायचं, एकटीने नाही, मावशींना घेऊन. एकाच बाजूला न्यूमोनिया असेल तर चांगली बाजू खाली ठेवून झोपवलं की सॅच्युरेशन सुधारतं.

श्वासाचे व्यायाम इंग्रजी नावाने सांगितलेस तर कोणी करणार नाही. ओठ आवळून श्वास सोडायला शिकवताना मी म्हणते, बशीतल्या गरम चहावर फुंकर मारतो तशी, चहा सांडू न देता, नाकाने दोन मोजेपर्यंत आत आणि फुंकर चार मोजेपर्यंत. आजीबाईंना पण पहिल्या फटक्यात जमतं. आणि कफ काढायला जोरजोरात खोकून दमवण्यापेक्षा, चष्मा पुसताना काचेवर हाः करतो तसं तोंड उघडं ठेवून दोन-तीनदा हाः, मग एकदाच खोकायचं. कफ सुटायला पाणी लागतं, पण हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाण्याची मर्यादा फाइलमध्ये बघून.

नेब म्हणजे नेब्युलायझर, औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणारं मशीन, त्याला पेशंट वाफ म्हणतात. म्हणू देत, पण घरी गेल्यावर ती गरम पाण्याची वाफ नाही हे समजावून सांग, नाहीतर पातेल्यावर डोकं धरून बसतात आणि औषध राहून जातं. नेब द्यायच्या आधी आणि नंतर परत तेच, श्वास आणि पल्स मोज. अस्थालिन-ड्युओलिनने (श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं) हात थरथरतात, छातीत धडधडतं, पेशंटला आधीच सांगितलं तर तो घाबरत नाही. बुडेकॉर्ट (स्टेरॉइडचं औषध) झाल्यावर चूळ भरायला लाव, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. ड्युओलिनचा मास्क सैल असेल तर औषध डोळ्यात जातं, काचबिंदूवाल्याला ते चालत नाही. सीओपीडीवाल्याला नेब ऑक्सिजनच्या पोर्टवर ८ लिटरने देऊ नकोस, कॉम्प्रेसरच्या मशीनवर दे आणि प्रॉन्ग्ज खाली चालू ठेव. हे फार ठिकाणी चुकतं.

बेडक्याचा डबा रोज सकाळी उघडून बघायचा, किळस वाटेल पहिले दोन दिवस, मग नाही वाटत. गंजासारखा रंग न्यूमोनियात दिसतो, गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी भरतंय, पळत जा, रक्त असेल तर किती ते चमच्याच्या अंदाजाने लिही, घाण वास असेल तर तेही लिही. टीबीच्या तपासणीला बेडका लागतो, लाळ नाही. चूळ भरायला लाव, दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खाकरून, आणि हे मोकळ्या हवेत करायला सांग, वॉर्डात नाही.

आयसीडी म्हणजे छातीतली नळी लावलेला पेशंट मिळेलच. बॅग कायम छातीच्या खाली, नळीला पीळ नको, श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली हलतंय का ते दर वेळी बघायचं. पेशंटला कुठे नेताना मनाने क्लॅम्प करायचं नाही, बुडबुडे येत असताना क्लॅम्प केलं तर हवा आत कोंडून जीवावर बेततं. नळी बॅगपासून सुटली तर टोक लगेच स्टराइल सलाइनच्या बाटलीत बुडव आणि हाक मार. छातीतलं पाणी एका वेळी लिटर-दीड लिटरच्या वर काढत नाहीत, म्हणून बॅग भराभर भरतेय असं दिसलं की तेव्हाच डॉक्टरांना सांग, तासाने नाही. सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) तुला एकटीला करायला देणार नाहीत, पण बघशील तेव्हा हे लक्षात ठेव की आधी ऑक्सिजन वाढवून घ्यायचा आणि कॅथेटर आत असताना १० ते १५ सेकंदांच्या वर नाही. मला शिकवणाऱ्या इनचार्ज सिस्टर सांगायच्या, सक्शन करताना स्वतःचा श्वास धर, तुला घ्यावासा वाटला की बाहेर ये.

जेवणाचं कोणी सांगत नाही. दम लागलेल्याला चावणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही, ताट तसंच परत जातं आणि आपण लिहितो, भूक कमी. थोडं थोडं पाच-सहा वेळा दे, भाकरी दुधात कुस्करून, मऊ खिचडी, जेवताना मास्क काढायचा असेल तर प्रॉन्ग्ज लावून दे, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस.

चेस्ट वॉर्डात तुला बऱ्याच बायका दिसतील ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि तरी सीओपीडी आहे. चूल. वर्षानुवर्षं बंद खोलीत चुलीचा धूर. हिस्ट्री घेताना "सिगारेट ओढता का" एवढंच विचारून नाही लिहून पुढे जाऊ नकोस, स्वयंपाक कशावर करायचात ते विचार.

आता तुझ्या घरच्यांच्या भीतीबद्दल. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून, चादरीतून, हात लावल्याने नाही. एन-९५ तुझ्या तोंडावर, साधा सर्जिकल मास्क पेशंटच्या तोंडावर, उलटं नाही. एन-९५ लावल्यावर दोन्ही हात त्यावर ठेवून जोरात श्वास सोड, कडेने हवा गालाला लागली तर परत बसव. वॉर्डाच्या खिडक्या थंडीतही उघड्या राहू देत, पेशंट बंद करतात, तू उघड. औषधं सुरू होऊन लागू पडली की पेशंटची पसरवायची ताकद भराभर कमी होते, म्हणून खरी भीती उपचार सुरू न झालेल्याची किंवा मधेच सोडलेल्याची. साधा टीबी असेल तर सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. पहिल्याच दिवशी पेशंटला सांग की लघवी केशरी होईल, ते औषधामुळे आहे, रक्त नाही. हे न सांगितल्यामुळे घाबरून गोळ्या बंद केलेले पेशंट मी बघितलेत. आणि निक्षय पोषणचे पैसे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००, त्यासाठी बँक खातं जोडलंय का ते विचार, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माझ्या घरीही सुरुवातीला सासूबाई घाबरायच्या, मी त्यांना हेच सगळं समजावलं, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की तपासून घेते हे सांगितलं, हळूहळू भीती गेली. मास्क नीट लावून टीबीच्या पेशंटच्या बेडजवळ जरा थांबून बोल, त्याच्या घरचे पण लांब उभे राहतात, त्याला ते कळत असतं.

सोमवारी ओव्हर (आधीच्या ड्युटीवाल्यांकडून पेशंटची माहिती) घेताना प्रत्येक बेडला विचार, श्वास किती होते. उत्तर २० आलं तरी ओव्हर झाल्यावर जाऊन स्वतः मोज. आणि सेकंद काट्याचं घड्याळ आत्ताच घेऊन ठेव, ते युनिफॉर्मला लावायचं मिळतं तसं, वॉर्डात मोबाइल काढू देत नाहीत.